बांधावर घेतलेलं रक्त

रंजना वहिनी,

तू गेल्यावरच्या जलदान विधीला भंतेजींचं बोलणं झालं आणि मला दोन शब्द सांगायला उभं केलं. मांडवात केळापूरची, पांढरकवड्याची, तुझ्या माहेरची माणसं बसली होती. तू ज्याच्या दंडाला कधीच सुई टोचली नाहीस असं त्यांत क्वचितच कुणी असेल. मी म्हणालो, "वहिनी या घरात आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं." एवढं बोलून मी खाली बसलो. लोकांना वाटलं, दीर गहिवरला.

तसं नव्हतं. जे सांगायचं होतं ते मांडवात सांगण्यासारखं नव्हतं. मी आज जिवंत आहे तो तुझ्यामुळं, हे एक. आणि ज्या आजारातून तू मला वाचवलंस त्याच आजारपणात मी तुझ्यावर असा चिडलो की सात महिने तुझ्याशी बोललो नाही, हे दुसरं. ही दोन्ही वाक्यं एका दमात लोकांपुढं कशी बोलायची? म्हणून इथं लिहितो आहे. तुला 'तू'च म्हणतो. लहानपणी आई त्यावरून ओरडायची आणि तू तिला म्हणायचीस, "राहू द्या मामी, मले बरं वाटते."

त्या वर्षी कोरोना सरला होता, पण बोंडअळी काही सरत नव्हती. मी कृषी सहायक. सकाळी आठला मोटारसायकल काढायची आणि या शिवारातून त्या शिवारात जायचं. हिरवंगार बोंड तोडायचं, नखानं फोडायचं, आतली गुलाबी अळी शेतकऱ्याला दाखवायची आणि त्याच्या चेहऱ्याकडं न बघता पंचनाम्याचा कागद भरायचा. कुणी शिव्या द्यायचं, कुणी काहीच बोलायचं नाही. न बोलणाऱ्यांची मला जास्त भीती वाटायची. दाढी करताना उजव्या जबड्याखाली बोराएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा मी ती तशीच सोडून दिली. दुखत नव्हती. वेळही नव्हता.

तुझ्या नजरेतून ती सुटली नाही. दादाकडं काही कामासाठी आलो होतो. तू चहाचा कप पुढं केलास आणि तोच हात माझ्या गळ्याशी नेलास, बाजारात वांगं दाबून बघावं तसा.

"हे कधीपासून हाये?"

"दाढ दुखत असंन."

"दाढ दुखून राह्यली का?"

"नाई."

"मंग दाढेवर कायले ढकलतं?"

गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी गाठ तेवढीच. मग सुई घालून तपासणी झाली. सुईतून पिवळसर पाणी आलं. रिपोर्टात लिहिलं होतं की कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, पाण्याची गाठ असावी. मी तो कागद घेऊन थेट तुझ्या लॅबमध्ये आलो, पेढे घेऊन. बसस्टँडसमोरची ती तुझी खोली, दारात लघवीच्या डब्या घेऊन उभी असलेली माणसं, आत तू सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. तू पेढा घेतला नाहीस. रिपोर्ट वाचलास, पुन्हा वाचलास.

"पाणी निघालं म्हणजे कॅन्सर नाई, असं कुठं लिहिलं हाये?"

"वहिनी, मी खर्रा खात नाई, बिडी नाई, दारू नाई. मले कायचा कॅन्सर?"

"म्हणूनच भेव वाटते," तू म्हणालीस.

तुझ्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. तू समजावून सांगितलंस. नागपूरला एका प्रशिक्षणात तिथल्या गळ्याच्या डॉक्टर मॅडमनी तुम्हाला शिकवलं होतं की घशाचा एक कॅन्सर तंबाखूमुळं नाही, विषाणूमुळं होतो. चाळिशी-पन्नाशीतल्या निर्व्यसनी माणसांनाही होतो. टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी तो इतका बारीक बसतो की घशात पाहून दिसत नाही. बाहेर दिसते ती फक्त मानेवरची गाठ, आणि सुई घातली तर कधीकधी नुसतं पाणीच येतं. मी हसलो. तुझं हे नेहमीचंच, म्हणालो. गावात कुणाला खोकला आला तरी तुला टीबी दिसतो. उरलेले पेढे दारातल्या माणसांना वाटले आणि निघून गेलो.

तू त्या मॅडमना फोन केलास. त्या म्हणाल्या, माणसाला घेऊन या. मी म्हणालो, पंचनामे चालू आहेत, दिवाळीनंतर बघू. तू आणखी एकदा फोन केलास. त्यांनी सांगितलं की रक्ताची एक नवी तपासणी आहे. तसली गाठ असेल तर त्या विषाणूचे तुकडे गाठीतून सुटून रक्तात येतात आणि ते सापडू शकतात. तपासणी नवी आहे, तिच्या एकटीवर विसंबायचं नाही, पण सापडले तर माणूस ऐकेल तरी. शेवटचं वाक्य मॅडमचं की तुझं, हे मला अजून कळलेलं नाही.

मग तू आलीस. पाटणबोरीच्या रस्त्यावरच्या त्या शेतात मी कपाशीच्या पऱ्हाटीत कमरेएवढा उभा होतो, हातात फोडलेलं बोंड, समोर शेतकरी आणि त्याची बायको. शेताच्या धुऱ्याजवळ ऑटो थांबला. त्यातून तू उतरलीस, पांढऱ्या कोटात, खांद्याला लॅबची पेटी. शेतकरी घाबरला. त्याला वाटलं, फवारणीनं कुणाला विषबाधा झाली म्हणून सरकारनं पाठवलं.

"बस," तू मला म्हणालीस.

"वहिनी, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. तू नागपूरले येत नाई, तर तुहं रक्त तरी जाऊ दे."

मी बांधावर बसलो. तू माझ्या दंडाला रबर बांधलंस. मी चिडून विचारलं, रक्तात काय दिसणार आहे, गाठ तर गळ्यात आहे. तू शेतात बोंडअळीच्या पतंगांसाठी लावलेल्या कामगंध सापळ्याकडं मान वळवलीस. "थ्या पिशवीत पतंग सापडला का तू लोकायले सांगतं ना, बोंडं पाहाले लागा म्हणून? का अळीनं सगळं खाल्ल्यावर सांगतं?" मी मूठ आवळली. शेतकऱ्याच्या बायकोनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तुला म्हणाली, "बाई, माह्यंही घ्या जरासं, मले लय चक्कर येते." तू खरंच तिचंही घेतलंस.

त्या तपासणीच्या रक्ताच्या वेगळ्या नळ्या तू कुरिअरनं पाठवल्या नाहीस. मांडीवर पेटी ठेवून बसनं नागपूरला गेलीस आणि त्याच दिवशी परत आलीस. हे मला दादानं सांगितलं. तू सांगितलं नाहीस.

तीन आठवड्यांनी तुझा फोन आला. "ये," एवढंच. पुढं काही विचारायची गरज नव्हती. रक्तात त्या विषाणूचे तुकडे सापडले होते.

नागपूरच्या मॅडमनी भूल देऊन दोन्ही टॉन्सिल काढले आणि काप करून तपासले. उजव्या टॉन्सिलच्या पोटात, वरून अजिबात न दिसणारा, तुरीच्या दाण्याएवढा कॅन्सर होता. गळ्यातली गाठ त्याचीच. मॅडम म्हणाल्या, "लवकर सापडला. हा बरा होणारा आहे." आणि मग तुझ्याकडं पाहून, "यांनी आणखी सहा महिने पाण्याची गाठ म्हणून काढले असते ना..." तू खिडकीबाहेर बघत होतीस. 'मी सांगत होती ना' हे वाक्य तू त्या दिवशी बोलली नाहीस, नंतरही कधी नाही. मी तुझ्या जागी असतो तर रोज बोललो असतो.

मानेतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे किरणांचा शेक. हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली होती. तिथं शालू संसार सोडून नवऱ्यासोबत राहिली. चौथ्या आठवड्यात घसा आतून सोलल्यासारखा झाला. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. आवाज पार गेला. वहीवर लिहून बोलायचो. दर रविवारी तू यायचीस, ज्वारीची पातळ आंबील घेऊन, मीठसुद्धा बेतानं घातलेली. चमचा चमचा भरवायचीस आणि प्रत्येक चमच्याला म्हणायचीस, "गेला? गेला ना? चाल, आणखी एक."

याच दिवसांत ते घडलं, ज्यावरून आपण भांडलो.

हा विषाणू माणसाकडून माणसाकडं कसा जातो, हे मॅडमनी मला ऑपरेशनच्या आधीच एकांतात सांगितलं होतं. स्त्री-पुरुषांच्या संबंधातून. अगदी साधा, बहुतेकांच्या अंगात कधी ना कधी येऊन जाणारा, शरीर त्याला बहुतेक वेळा आपोआप घालवतं, एखाद्यात तो वीस-पंचवीस वर्षं दबा धरून बसतो. कुणाकडून आला, केव्हा आला, हे सांगता येत नाही आणि शोधूही नये. मी मान हलवली. पण मला आठवत होतं. माझी पहिली नेमणूक उमरखेडला होती, शालूशी लग्न व्हायच्या आधी. तिथं एक वर्ष एकीशी संबंध होता. ती चांगली होती, तिचं पुढं लग्न झालं, मीही परत आलो. शालूला मी ते कधी सांगितलं नव्हतं. तुला मात्र हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सांगून टाकलं. मी म्हणालो, "शालूले यातलं काहीच सांगू नको." तू म्हणालीस, "तूच सांग."

पाचव्या आठवड्यात एका दुपारी शालू माझ्या खाटेजवळ येऊन उभी राहिली. राजूरच्या खाणीतल्या माणसाची लेक ती. आवाज चढवणं तिला माहीत नाही. तिनं वही माझ्यापुढं ठेवली.

"लग्नाच्या आधी कोणी होतं का? खरं लिहा."

मला बोलता येत नव्हतं, वहिनी. आवाज असता तर मी पंधरा गोष्टी सांगितल्या असत्या. हातात पेन होतं आणि तेवढंच होतं. मी लिहिलं, "होती. एकच. लग्नाच्या आधी. नंतर कोणी नाही."

तिनं वाचलं. वही मिटून उशाशी ठेवली आणि बाहेर गेली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत पडलो. पाऊण तास. परत आली तेव्हा तिच्या हातात आंबिलीची वाटी होती.

"गिळा," म्हणाली.

त्यापुढं त्या विषयावर ती बरेच दिवस बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "वीस वर्षं काहून लपवलं? मी खाल्लं असतं का तुमाले?"

आवाज परत आल्यावर पहिलं भांडण तुझ्याशी केलं. पांढरकवड्याच्या घरी, स्वयंपाकघरात. दादा बाहेर बसला होता, त्याला सगळं ऐकू जात होतं.

"शालूले तू सांगतलं."

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"तिचं शरीर हाये, बाबू. हाच विषाणू बाईले गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करते. तिनं तपासून घ्याले पायजे का नाई?"

"थे मी सांगणारच होतो."

"कधी?"

मी चहा तसाच ठेवला आणि निघालो. दारातून म्हणालो, "तुह्यावर भरोसा ठेवला, थेच चुकलं." हे वाक्य मी बोललो. ते मला आता परत घेता येत नाही.

त्यानंतरचे सात महिने आठवले की आज हसू येतं आणि लाजही वाटते. तुझ्याशी बोलत नव्हतो, पण दर तीन महिन्यांनी रक्त द्यावंच लागायचं, आणि ते दुसऱ्या कुणाकडून घेऊन देण्याची हिंमत माझ्यात नव्हती. मी लॅबमध्ये यायचो, रांगेत बसायचो, नंबर आला की बाही वर करून हात पुढं ठेवायचो. तू रबर बांधायचीस. "मूठ आवळ." मी आवळायचो. "सोड." सोडायचो. कापसाचा बोळा दाबून मी बाहेर पडायचो. शालू मात्र तुझ्याकडं हवी तेव्हा जात-येत होती. तिची तपासणी तूच करवलीस, ती साफ निघाली. त्याचा कागद तिनं मला न बोलता दाखवला. तेव्हाही मी तुला फोन केला नाही.

माझा तिसरा रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता मला धीर वाटतो. मी नागपूरहून बसनं आलो आणि घरी न जाता तुझ्या लॅबच्या पायरीवर बसलो. तू शटर ओढायला बाहेर आलीस.

"चाय हाये का?" मी विचारलं.

"हाये," तू म्हणालीस. "पण साखर संपली."

बिनसाखरेचा चहा प्यायलो आपण. माफी मी मागितली नाही, तूही मागितली नाहीस. आपल्या घरात ती पद्धतच नाही. तू माझी मान दोन्ही बाजूंनी चाचपलीस, बराच वेळ, डोळे मिटून. मग म्हणालीस, "मऊ हाये." त्यानंतरची दोन वर्षं आपली चांगली गेली, वहिनी. याचं मला फार, फार बरं वाटतं. ते भांडण तसंच राहिलं असतं आणि तू गेली असतीस, तर मी कुठं तोंड लपवलं असतं, ठाऊक नाही.

तू सकाळी विहारात वंदनेला बसलीस, पुढच्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकलंस आणि उठली नाहीस. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. तुला यातना झाल्या नाहीत, असंही म्हणाले. ते मी घट्ट धरून बसलो आहे. माझ्या घशानं मला यातना काय असतात ते दाखवलं आहे, म्हणून तुझं असं जाणं मी वाईट मानत नाही. पण दादानं नंतर सांगितलं की तुझा रक्तदाब वर्षभर चढलेला होता आणि गोळी तू आठवण आली तर घ्यायचीस. वहिनी, मला बांधावर बसवून माझं रक्त काढणारी तू! याचं भांडण मी तुझ्याशी करणार होतो. आता एकट्यानंच करतो आहे. गाडी चालवता चालवता मोठ्यानं करतो.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी शालूनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. डोळे सुजलेले होते तिचे.

"एक सांगाचं हाये. नागपूरले वहिनीनं मले आपल्या मनानं काही सांगतलं नाई. मीच विचारलं."

वॉर्डात दुसऱ्या एका पेशंटची बायको तिला म्हणाली होती की तंबाखू न खाणाऱ्याला हा आजार असा असा होतो. शालू तशीच तुझ्याकडं आली आणि म्हणाली, खरं सांगा. तू आधी म्हणालीस, त्याला विचार. शालू म्हणाली, त्यांना बोलता येत नाही, आणि तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून तुम्हाला विचारते. तेव्हा तू विषाणूचं सगळं सांगितलंस. उमरखेडचं तरीही सांगितलं नाहीस. ते तिनं माझ्याकडूनच वहीवर लिहून घेतलं. एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात हे कधी आलं नाही की जी गोष्ट तिनं मला विचारली, ती तिला माहीत नव्हती म्हणूनच विचारली.

"मंग मले आधी काहून नाई सांगतलं?"

"परक्या बाईचं ऐकून आजारी नवऱ्यावर शक घेतला, याची मले शरम वाटत होती. मीच वहिनीले म्हटलं, मी विचारलं हे त्यायले सांगू नका."

आणि तू सांगितलं नाहीस. मी स्वयंपाकघरात तुला नाही नाही ते बोललो, तेव्हा एका वाक्यात तू सुटली असतीस. "तिनंच विचारलं." एवढंच तर बोलायचं होतं. तू म्हणालीस, "हो." सात महिने माझ्या फुगलेल्या तोंडासमोर "मूठ आवळ" म्हणत राहिलीस. शालूनं हे सांगितल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तिथंच उभा राहिलो. शालू मागून आली, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. आमच्या दोघांमध्ये आता लपवलेलं काही नाही, वहिनी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे सुख आम्हाला आत्ता मिळालं.

तुझ्या जागी लॅबमध्ये आता एक नवी मुलगी बसते. या वेळचं रक्त तिनं घेतलं. तीही नीट घेते.

रिपोर्ट आज आला. पूर्वी तो तुझ्याकडं यायचा आणि मग तुझा फोन यायचा. या वेळी थेट माझ्या फोनवर आला. मी केळापूरच्या रस्त्यावर मोटारसायकल बाजूला लावली, वाचला आणि तसाच दादाकडं गेलो. दादा अंगणात खुर्चीवर बसला होता. तुझ्या अंत्ययात्रेत तो रडला नाही, विधीतही नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला त्याचा, रिपोर्टातलं इंग्रजी त्याला कळत नाही. मी फोन त्याच्यापुढं धरला.

"म्हंजे?" त्यानं विचारलं.

"म्हंजे काहीच नाई सापडलं, दादा. रक्त साफ हाये."

दादाचा चेहरा उजळला. खुर्चीतून अर्धा उठला आणि घराच्या दाराकडं मान वळवून म्हणाला, "रंजनाले सांगतलं का?"

मग त्याला आठवलं. तो खाली बसला आणि तेव्हा रडला, गेल्या वीस दिवसांचं सगळं. मी त्याच्या पायाशी बसलो, त्याचे दोन्ही हात धरले.

"सांगतो," मी म्हणालो. "आजच सांगतो."